युरोपचा मराठी भिंत-नकाशा : पैसे देण्याआधी बाल्कन बघा

घ्यायचा की नाही एवढंच विचारत असाल तर घ्या. लॅमिनेशनवाला मात्र घेऊ नका, साधा कागदी घ्या, आणि बाल्कनच्या, म्हणजे आग्नेय युरोपच्या, भागात आपल्या हाताने पेन्सिल चालवायची तयारी ठेवा. घाईत असाल तर एवढं पुरे.

अमळनेरला आमची अभ्यासिका आहे. एमपीएससीवाले जास्त, यूपीएससीवाले थोडे, शिवाय पोलीस भरतीची एक तुकडी कायम असतेच. मी भूगोल आणि चालू घडामोडी घेते. मोबाइलवर नकाशा बघायची पोरांना सवय असते, पण त्यावर एक देश मोठा केला की शेजारचा पडद्याबाहेर जातो, आणि मग सीमा म्हणजे काय हे शिकवता येत नाही. म्हणून भिंतीवरचा हवा होता. मराठीत, मोठ्या अक्षरात. जळगावहून मागवला. साडेतीन बाय साडेचार फूट, वर-खाली लाकडी दांड्या, १ सेंटिमीटरला ५० किलोमीटर असं प्रमाण, खालच्या निळ्या पट्टीत सगळ्या देशांचे झेंडे. किंमत साडेआठशे. कागदी आवृत्ती जवळजवळ निम्म्या किमतीत मिळते, हे दुकानदाराने नंतर सांगितलं. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही. बाजारात याच साच्याचे आणखी नकाशे आहेत आणि त्यांनाही हेच लागू पडेल.

आधी वस्तूबद्दल. छपाई स्वच्छ आहे, शाई पसरलेली नाही, शेवटच्या बाकावरून देशांची नावं वाचता येतात. लॅमिनेशन मात्र डोकेदुखी. ट्यूबलाइट लागली की इटलीपासून काळ्या समुद्रापर्यंत नुसता चकचकाट, मधलं काहीच दिसत नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, भिंत तापते, आणि त्या उन्हात प्लॅस्टिकच्या कडा वळायला लागल्या. समोर कूलर, त्याची ओल वेगळीच. खालची दांडी निघून आली, ती मी चुका मारून बसवली. दुकानदार म्हणाला, सगळे लॅमिनेशनच मागतात. मागत असतील.

आता मजकुराकडे. युरोपचा नकाशा तपासायला फ्रान्स-जर्मनीकडे बघण्यात अर्थ नाही, ते कोणीही बरोबर काढतो. मी सरळ बाल्कनवर बोट ठेवते. ज्याला तो कोपरा नीट जमला त्याचा बाकीचा नकाशा डोळे मिटून घ्यावा. या नकाशाला तो अर्धा जमलाय.

शाळेतून भंगारात निघालेला एक जुना नकाशा माझ्याकडे आहे, त्यात युगोस्लाव्हिया अख्खा आहे. एकच रंग, पण आत बारीक तुटक रेषा. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, मॉन्टेनेग्रो, मॅसिडोनिया अशी सहा गणराज्यं, आणि सर्बियाच्या पोटात वोयवोदिना आणि कोसोवो हे दोन स्वायत्त प्रांत. १९७४ च्या राज्यघटनेने या दोन प्रांतांना जवळजवळ गणराज्यासारखे अधिकार दिले होते. १९८९ मध्ये सर्बियाचा नेता मिलोशेविच याने ते काढून घेतले. पुढे २५ जून १९९१ ला स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया बाहेर पडले. मग प्रश्न आला, नवीन देशांच्या सीमा कुठल्या? युरोपीय समुदायाने फ्रेंच कायदेपंडित रोबेर बाडँतेर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि त्याने सांगितलं की गणराज्यांच्या ज्या आतल्या सीमा होत्या त्याच आता आंतरराष्ट्रीय. म्हणजे माझ्या भंगारातल्या नकाशावर ज्या रेषा इतक्या फिकट आहेत की चष्मा पुसून बघाव्या लागतात, त्यांच्यावर पुढे पासपोर्टचे शिक्के बसायला लागले. कोसोवो मात्र गणराज्य नव्हता, प्रांत होता, म्हणून त्याचं भिजत घोंगडं पडलं.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगितली, कारण माझी मुख्य तक्रार त्यातूनच येते. नवीन नकाशात बाहेरच्या सीमा ठसठशीत आहेत आणि आतल्या रेषा जवळजवळ नाहीतच. बरं, धोरण म्हणून नसतील तर ठीक. पण जर्मनीची सोळा राज्यं फिकट करड्या रेषेने नीट दाखवलीत! जिथे आतल्या रेषेवरून कोणी कोणाला हटकत नाही तिथे ती आहे, आणि बोस्नियावर सपाट गुलाबी रंग फासून मोकळे.

कोसोवो चांगला दाखवलाय, हे आधी सांगते, नाहीतर नुसती रडकथा होईल. तुटक रेषा, सर्बियाच्याच रंगाची पण जरा फिकी छटा, आणि खाली टीप: १७ फेब्रुवारी २००८ ला स्वातंत्र्य जाहीर, भारताची मान्यता नाही. परीक्षेच्या मुलांना नेमकं हेच लागतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये मत दिलं की स्वातंत्र्य जाहीर करणं आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध नव्हतं, पण कोसोवोला देश माना असं काही न्यायालयाने म्हटलं नाही. हा फरक मुलं हमखास चुकतात. युरोपीय संघातलेही पाच देश अजून मान्यता देत नाहीत: स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमेनिया, स्लोव्हाकिया. स्पेनला कॅटलोनियाची धास्ती, सायप्रसला स्वतःच्या उत्तर भागाची. दुसऱ्याच्या घरातल्या वाटणीला मान डोलावली तर उद्या आपल्या घरात तेच ऐकावं लागेल, हा साधा हिशोब. आपल्या परराष्ट्र खात्याचा हिशोब फार वेगळा असेल असं मला वाटत नाही.

आकार सांगितला की वर्ग हलतो. कोसोवो अकरा हजार चौरस किलोमीटरच्याही आत. आमचा एकटा जळगाव जिल्हा त्याहून मोठा, पावणेबारा हजारांच्या आसपास. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही मिळून पंचवीस हजारांच्या घरात जातात, साधारण अख्ख्या उत्तर मॅसिडोनियाएवढे. साक्रीचा एक मुलगा लगेच म्हणाला, "मग मॅडम, यामा आपला खान्देश कोठे शे?" शेजारी त्याच प्रकाशकाचा महाराष्ट्राचा नकाशा आहे, त्याकडे बोट करून. कुठेच नाही. १९०६ मध्ये इंग्रजांनी खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, १९६० नंतर त्यांची नावंही गेली आणि जळगाव, धुळे राहिले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. सरकारी कागदावर आम्ही नाशिक विभाग. तरी कानबाईच्या रोटांच्या सणाला पुण्या-सुरतेहून पोरं घरी येतातच.

कोसोवोच्या उत्तर टोकाला मित्रोवित्सा शहर आहे. मधून इबार नदी जाते, दक्षिणेला अल्बानियन वस्ती, उत्तरेला सर्ब. उत्तरेकडच्या चार नगरपालिकांत सर्ब बहुसंख्य, आणि तिथे वर्षानुवर्षं सर्बियाचं चलन दिनार आणि सर्बियाच्या नंबरप्लेट चालायच्या, शाळाही सर्बियाच्या. २०१३ मध्ये ब्रसेल्सला सर्बिया आणि कोसोवोत करार झाला की सर्बबहुल नगरपालिकांचा संघ करू. तो अजून कागदावर आहे. नकाशावर मित्रोवित्सा नाही. इबार आहे, पण नाव न लिहिता, निळा केस पडल्यासारखी.

या चार नगरपालिकांनी अख्ख्या युरोपची घड्याळं मागे पाडली होती, हे सांगितल्याशिवाय माझा तास संपत नाही. २०१८ च्या सुरुवातीला पंचवीस देशांतली ओव्हनवरची, रेडिओवरची घड्याळं हळूहळू मागे पडायला लागली, मार्चपर्यंत जवळजवळ सहा मिनिटं. उत्तरेत वापरल्या जाणाऱ्या विजेचं बिल कोणी भरत नव्हतं, तूट कोसोवोने भरायची की सर्बियाने यावर दोघं अडून बसले, आणि जोडलेल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरली. फ्रिक्वेन्सीवर चालणारी घड्याळं त्याबरोबर घसरली. भुसावळचा एक मुलगा आहे, दीपनगरच्या औष्णिक केंद्राशेजारी वाढलेला. त्याला हे एका वाक्यात कळलं, बाकीच्यांना त्यानेच समजावून दिलं.

कोसोवोच्या सीमेपलीकडे, सर्बियाच्या दक्षिण टोकाला प्रेशेवो आणि बुयानोवत्स. तिथे उलटं: देश सर्बिया, लोक बहुतांश अल्बानियन. २००० च्या सुमाराला तिथेही बंदुका निघाल्या होत्या, २००१ मध्ये शांत झाल्या. पुढे २०१८ मध्ये सर्बिया आणि कोसोवोच्या अध्यक्षांनी उत्तर कोसोवो तुमचा, प्रेशेवो आमचा अशा अदलाबदलीची चर्चा सुरू केली तेव्हा जर्मनीने साफ विरोध केला. एकदा रेषा हलवायला सुरुवात झाली की थांबायचं कुठे? नकाशावर ही दोन्ही गावं नाहीत. छोटी आहेत, मान्य. पण त्याच भागात दोन स्की रिसॉर्ट मात्र चिन्हासकट छापलीत. अमळनेरच्या पोराला स्कीइंगचं चिन्ह काय कामाचं, कोण जाणे.

बोस्नियावर जरा बसून बोलते, कारण तिथे नकाशा सगळ्यात कमी पडतो. १९९२ ते १९९५ चं युद्ध, साडेतीन वर्षांहून जास्त चाललेला सारायेवोचा वेढा, जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्साला आठ हजारांवर बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलांची कत्तल. वर्षअखेरीला युद्ध थांबवणारा डेटन करार झाला. त्याने देश एक ठेवला, पण आत दोन घटक केले. एक बोस्निया-हर्झेगोव्हिना संघराज्य, जमीन ५१ टक्के, त्याच्या आत पुन्हा दहा कँटन, म्हणजे जिल्ह्यासारखे भाग. दुसरा रेपुब्लिका स्र्प्स्का, ४९ टक्के, कारभार बान्या लुकातून. राष्ट्राध्यक्ष एक नाही, तिघांचं मंडळ: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. तुम्ही ज्यू असाल किंवा रोमा समाजाचे, तर तुम्हाला उभंच राहता येत नाही. मानवाधिकारांच्या युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये हे चूक ठरवलं, तरी घटना तशीच आहे. या सगळ्याच्या वर आंतरराष्ट्रीय समुदायाने बसवलेला एक उच्च प्रतिनिधी, कायदे लादू शकणारा. त्याचे निर्णय मानले नाहीत म्हणून रेपुब्लिका स्र्प्स्काचे तेव्हाचे अध्यक्ष मिलोराद दोदिक यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये एक वर्षाची शिक्षा आणि सहा वर्षांची राजकीय बंदी सुनावली गेली. वेगळं व्हायची भाषा ते कितीतरी वर्षं करत आलेत. हे पेपरात वाचून मुलगी येते, नकाशापुढे उभी राहते आणि विचारते, मॅडम, हे राज्य दाखवा. मी काय दाखवू? गुलाबी रंग.

मग मी व्हाइटबोर्डचा मार्कर घेतला आणि लॅमिनेशनवर रेषा काढली. हा लॅमिनेशनचा एकमेव फायदा म्हणायचा, तर दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या मावशींनी ओल्या फडक्याने डेटन करार पुसून टाकलेला. तेव्हापासून मी कागदी आवृत्तीचा आग्रह धरते.

रेषा काढताना लक्षात येतं की रेपुब्लिका स्र्प्स्का सलग नाहीच. ईशान्येला ब्रच्को नावाचं गाव तिचे दोन तुकडे करतं. डेटनला या गावाचा निकाल लागला नाही, शेवटी लवादाने १९९९ मध्ये सांगितलं की हा जिल्हा दोन्ही घटकांचा, आणि कारभार त्याचा स्वतःचा. नकाशाच्या प्रमाणात तो मोजून चार-पाच मिलिमीटर. तेवढी जागा होती. नेउम दाखवलंय की! अ‍ॅड्रिॲटिक किनाऱ्यावर बोस्नियाला वीसेक किलोमीटरची जी फट मिळते तिथलं हे गाव, आणि त्यामुळे क्रोएशियाचं दुब्रोव्हनिक बाकी देशापासून तुटतं. दुब्रोव्हनिकच्या व्यापारी गणराज्याने व्हेनिस आपल्या दारात नको म्हणून ती पट्टी तुर्कांना देऊन टाकली, १६९९ च्या तहात ते पक्कं झालं, आणि तीनशे वर्षांनी क्रोएशियाला आपल्याच मुलखात जायला समुद्रावर पूल बांधावा लागला. तो २०२२ मध्ये सुरू झाला. नकाशावर पूलही आहे. म्हणजे काढणाऱ्याला बारीक काम येतं. बोस्नियाच्या आतच का हात आखडला?

दुसरं गाव, जे नसल्याचं मला फार लागलं: याय्त्से. २९ नोव्हेंबर १९४३ ला कम्युनिस्ट नेता टिटो याच्या फौजेच्या लोकांनी तिथे परिषद भरवली आणि संघराज्य युगोस्लाव्हियाचा पाया घातला. सध्या ते बोस्नियाच्या संघराज्य या घटकातल्या एका कँटनमध्ये आहे. त्या भागात 'एका छपराखाली दोन शाळा' अशी पद्धत युद्धानंतर रुजली. इमारत एक, बोस्नियाक मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, क्रोएट मुलांचा वेगळा. कुठे पाळ्या वेगळ्या, कुठे दारंसुद्धा वेगळी. भूगोल, इतिहास, भाषा आपापली. मी भूगोलाची शिक्षिका, मला हे वाचून कसंतरीच झालं. एकाच गावातल्या दोन पोरांना 'माझा देश' म्हणून दोन वेगळे नकाशे शिकवायचे! २०१६ मध्ये याय्त्सेत आणखी एक वेगळी शाळा काढायचा घाट घातला गेला तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी, दोन्हीकडच्या, मिळून रस्त्यावर येऊन तो हाणून पाडला. अकरावी-बारावीच्या वयाची पोरं. याय्त्सेच्या जागी मी लाल टिकली लावलीय, कपाळावरची, चिकटते छान.

इथेच एक जोड देते, मुलाखतीला उपयोगी पडेल: १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते.

मॉन्टेनेग्रो ठीक. २१ मे २००६ चं सार्वमत, युरोपीय संघाने अट घातली ५५ टक्क्यांची, मिळाले ५५.५. फरक दोन-अडीच हजार मतांचा. आमच्याकडे तेवढी मतं पालिकेच्या एका प्रभागात इकडची तिकडे होतात. उत्तर मॅसिडोनियाचं नाव बरोबर आहे, ग्रीसबरोबरच्या २०१८ च्या प्रेस्पा कराराने बदललेलं. दुकानात जुनी आवृत्तीही लटकते, त्यात नुसतं मॅसिडोनिया, तेव्हा खालच्या कोपऱ्यातलं छपाईचं साल बघून घ्या. वोयवोदिनाची रेषा चक्क आहे! सहा अधिकृत भाषांचा प्रांत, नोव्ही साद राजधानी. त्याबद्दल पूर्ण गुण. सांजाकचं नाव नाही. सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोच्या मध्ये बोस्नियाक वस्तीचा हा मुलूख. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत दोघांनी अर्धा-अर्धा घेतला आणि तो तसाच राहिला. सांजाक सांगितला की धडगावचा मुलगा मान वर करतो. भिल्लांची गावं महाराष्ट्र, मध्यप्रदेश, गुजरात, राजस्थान अशी वाटली गेलीत, भिल प्रदेशाची मागणी त्याने घरी ऐकलेली आहे. त्याला सांजाक समजावून सांगावा लागला नाही.

इस्त्रियासाठी मात्र मी या नकाशाला माफ करत नाही. क्रोएशियाच्या वायव्येला त्रिकोणी द्वीपकल्प, रस्त्यावरच्या पाट्या क्रोएशियन आणि इटालियन दोन्हीत, झेंड्यावर बकरी. शंभर वर्षांत ऑस्ट्रिया, इटली, युगोस्लाव्हिया, क्रोएशिया असे मालक बदलले. १९९० मध्ये तिथे प्रादेशिक पक्ष निघाला आणि वर्षानुवर्षं निवडून येत राहिला. २०११ च्या जनगणनेत पंचवीस हजारांवर लोकांनी राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात क्रोएट किंवा इटालियन न लिहिता 'इस्त्रियन' लिहिलं. यांना वेगळा देश नको. सैन्य नको, नाणं नको. पोरांच्या डोक्यात प्रादेशिक अस्मिता म्हटलं की थेट फुटीरता येते, मधली पायरी त्यांना दिसत नाही, आणि ती दाखवायला इस्त्रियाइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. नकाशात त्या जागी झेंड्यांच्या पट्टीतून उरलेली दिशादर्शक चांदणी छापलीय, नेमकी द्वीपकल्पावर.

मग मी जनगणनेवरून घरी येते. २०११ ला आपल्याकडे मातृभाषा म्हणून अहिराणी आणि तिच्या बहिणी, म्हणजे जनगणनेच्या भाषेत खान्देशी, लिहिणारे साडेअठरा लाखांच्या आसपास. उत्तर मॅसिडोनियाची अख्खी लोकसंख्या तेवढी! वर्गात यावर एकदम अभिमानाची लाट येते, आणि लगेच भांडण लागतं. रावेरची मुलगी म्हणते, आम्ही अहिराणी नाही, लेवा गणबोलीवाले, बहिणाबाई आमच्या बोलीत बोलल्या. साक्रीवाला म्हणतो, बहिणाबाई सगळ्या खान्देशाच्या. मी मदर तेरेसांकडे बोट करते. १९१० मध्ये स्कोप्येत, म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानीत, जन्म, तेव्हा ते तुर्की साम्राज्यात, घर अल्बानियन. आज स्कोप्येत त्यांचं स्मारकघर, अल्बानियाच्या राजधानीत, तिरानाच्या विमानतळाला त्यांचं नाव, कोसोवोच्या राजधानीत, प्रिश्तिनात त्यांच्या नावाचं कॅथीड्रल, आणि आयुष्य गेलं कोलकात्यात. भांडण मिटत नाही, पण दोघंही हसतात आणि पुढचा मुद्दा घेता येतो.

सीमा म्हणजे प्रत्यक्षात काय, हे दाखवायला आम्हाला परदेशी जावं लागत नाही. नवापूर स्टेशनवर जा. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. मुलं दोन राज्यांत एकाच वेळी बसून फोटो काढतात, वडापाव खातात, सुरतेची गाडी पकडतात. मित्रोवित्साच्या पुलावर मात्र कितीतरी वर्षं नाटोचे सैनिक पहाऱ्याला. दोन्हीकडे रेषा कागदावर सारखीच निघते. म्हणून नकाशात रेषेचा प्रकार महत्त्वाचा: ठळक, तुटक, ठिपक्यांची, करडी. या नकाशाच्या सूचीत सीमांचे फक्त दोन प्रकार आहेत. निदान चार हवेत.

सोबत सोळा पानी पुस्तिका फुकट येते. फुकटच ठेवा. देशांच्या राजधान्या, चलन, लोकसंख्या, बाकी काही नाही, आणि 'युगोस्लाव्हिया १९९१ मध्ये संपुष्टात आला' असं एक वाक्य. सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो फेब्रुवारी २००३ पर्यंत युगोस्लाव्हिया हेच नाव लावत होते. परीक्षेत असा प्रश्न आला तर पुस्तिका तुमचे गुण घालवेल.

प्रकाशकाला फोन केला होता. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "ताई, आजवर कोणी बोस्नियाच्या आतलं विचारलं नाही." मी म्हटलं, विचारणाऱ्या मुलांचा फोन देऊ का? हसले. पुढच्या छपाईत बघतो म्हणाले.

तोवर माझी सोय सांगते. कागदी आवृत्ती घ्या, मागे जाड खादीचं कापड चिकटवून घ्या, अमळनेर-जळगावात बाइंडिंगवाले शे-दीडशेत करून देतात. २बी पेन्सिलीने रेपुब्लिका स्र्प्स्काची रेषा काढा, ब्रच्कोला रंगीत ठिपका द्या, इबार नदीवर नाव लिहा, प्रेशेवोला लहान त्रिकोण, सांजाक तिरक्या रेघांनी भरा. इस्त्रियावरची चांदणी पांढऱ्या शाईने झाका आणि वर नाव लिहा. एक संध्याकाळ जाते. हे काम मुलांकडून करून घेतलंत तर वेगळा तास घ्यायची गरज नाही. युक्रेन आणि काकेशसच्या भागातही असंच पेन्सिलकाम निघेल, त्याबद्दल नंतर कधीतरी.

लॅमिनेशनवाला माझा नकाशा आता पोलीस भरतीच्या खोलीत आहे. त्यांना झेंड्यांची पट्टी आवडते. पाचपैकी तीन तारे देते, त्यातला एक कोसोवोच्या टिपेचा.